थोरला मावेल अशी गाडी

आमच्या जुन्या गाडीत दोन्ही कुत्री बसली की माझ्यासाठी जागा उरत नसे. त्यामुळे कुत्र्यांना डॉक्टरकडे न्यायचा दिवस आला, की नवरा आणि कुत्री गाडीतून पुढे जात आणि मी शेअर रिक्षातून मागून. मांडीवर त्यांच्या औषधांची पिशवी. काल्हेरहून भिवंडीत पोचेपर्यंत शेजारी बसलेलं कुणीतरी हमखास विचारायचं, "कोण आजारी आहे?" एकदा मी एका बाईंना सरळ सांगून टाकलं, "थोरल्याचा खुबा दुखतो, धाकटीला इंजेक्शन द्यायचंय."

"अगं बाई. मग ते कुठायत?"

"पुढच्या गाडीत."

"आणि तुम्हाला रिक्षा?"

बाईंनी माझ्याकडे इतक्या कळवळ्याने पाहिलं, की ती माणसं नाहीत हे सांगायचं माझ्याच्याने झालं नाही. उतरताना त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "आपलं आपण बघायला शिका."

ही कुत्री आम्ही काही हौसेने आणलेली नव्हती. काल्हेरला आमच्या शेतजमिनीवर गोदामं उभी राहिली, त्यातलं एक आम्ही भाड्याने दिलं होतं. भाडेकरूने राखणीसाठी दोन कुत्री ठेवली. पुढे त्याने धंदा दुसऱ्या राज्यात हलवला, सामान ट्रकमध्ये भरलं आणि म्हणाला, "कुत्र्यांना पुढच्या फेरीत नेतो." ती पुढची फेरी अजून व्हायची आहे. थोरला ग्रेट डेन, राखाडी रंगाचा, उभा राहिला की त्याचं डोकं आमच्या जेवणाच्या टेबलाच्या वर येतं. धाकटी कोणत्या जातीची ते सांगणं कठीण आहे. कान अल्सेशियनचे, अंग म्हशीच्या रेडकाचं आणि स्वभाव रिक्षावाल्याचा, म्हणजे जिथे जागा दिसेल तिथे आधी तोंड घालायचं.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "उंबऱ्याच्या आत कुत्रा येनार न्हाय." महिनाभरात कुत्री पडवीत आली, मग हॉलमध्ये, आणि एका दुपारी मी पाहिलं तर थोरला सासूबाईंच्या खाटेखाली अर्धा झोपलेला होता. अर्धा, कारण बाकीचा अर्धा खाटेबाहेर होता. सासूबाई वर बसून त्याला सुक्या बोंबलाची डोकी भरवत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "फेकायचीच होती."

नवी गाडी घ्यायची हे ठरलं ते भिवंडीच्या धामणकर नाक्यावर. त्या दिवशी धाकटीला घरी ठेवलं होतं, म्हणून मलाही गाडीत जागा मिळाली होती. थोरला मागच्या सीटवर, हनुवटी नवऱ्याच्या खांद्यावर, डोळे समोरच्या रस्त्यावर. पुढे हातगाडीवर यंत्रमागाचे, सूत गुंडाळलेले बीम लादलेले, डावीकडे रिक्षा, उजवीकडे टेम्पो. सगळं ठप्प. तेवढ्यात दोन गाड्यांच्या मधून एक बोकड शांतपणे निघून गेला. थोरला नवऱ्याच्या कानात एकदाच भुंकला. नवऱ्याचा क्लचवरचा पाय सुटला, गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. ट्रॅफिक हवालदार आला, त्याने काचेतून वाकून आत पाहिलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "साहेब, गाडी कोण चालवतंय ते आधी आपसात ठरवा."

त्या संध्याकाळी नवऱ्याने जाहीर केलं की मोठी गाडी घेऊया. त्याच्या डोक्यात कोणती गाडी आहे ते मला माहीत होतं. माझ्या दिरांनी काळी, उंच, ट्रकच्या तोंडाची गाडी घेतली होती, आणि ती गल्लीत शिरली की नवरा आमच्या गाडीकडे बघायचं टाळायचा. सासूबाईंनी मात्र आपली अट आधीच सांगितली. "मना चढता आलं पायजे. त्याच्या गारीत चढताना माजं गुडघं बोलतात."

मी म्हटलं, मापं घेऊनच जाऊ. पण कुत्र्याचं माप घेणं सोपं नसतं. टेप लावली की थोरला ती चाटतो आणि धाकटी ती घेऊन पळते. शेवटी गोदामातून फ्रिजचा एक रिकामा खोका आणला, फाडून जमिनीवर पसरला. थोरला ताबडतोब त्यावर आडवा झाला, कारण जमिनीवर काहीही पसरलं तरी ते आपल्यासाठी आहे असं तो धरून चालतो. तो घोरायला लागल्यावर मी गुडघ्यांवर रांगत मार्करने त्याच्याभोवती रेघ मारली. शेपटीपाशी पोचले तेव्हा त्याला काहीतरी छान स्वप्न पडलं असावं. शेपटी हलायला लागली आणि माझ्या रेघेचा पंखा झाला. तो तसाच कापला. दुसऱ्या पुठ्ठ्यावर उभा थोरला काढला, त्याला धरायला नवरा आणि बोंबील दोन्ही लागले.

रविवारी आम्ही तिघं ठाण्याला शोरूममध्ये गेलो. आडवा थोरला माझ्या काखेत होता, उभा सासूबाईंच्या. तोही मी घेते म्हटलं तर म्हणाल्या, "ऱ्हाउं दे, हा चावत न्हाय." दारावरच्या सिक्युरिटीवाल्याने आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग पुठ्ठ्याकडे, आणि सवयीने दोघांनाही सलाम ठोकला.

सेल्समन तरुण होता, टाय लावलेला, तोंडात साखर. त्याने नवऱ्याला हेरलं आणि दिरांच्या गाडीची मोठी बहीण शोभेल अशा गाडीकडे नेलं. छत उघडत होतं, सीटमधून गार वारा येत होता, पडद्यावर गाडी स्वतःच स्वतःला वरून दाखवत होती. नवरा स्टिअरिंगवर हात ठेवून बसला तो उतरेना.

मी म्हटलं, "डिकी उघडा."

"डिकी जबरदस्त आहे मॅडम. चार मोठ्या बॅगा आरामात."

"बॅगांना मान नसते," मी म्हटलं.

डिकी उघडल्यावर सासूबाईंनी पुठ्ठ्याचा कुत्रा आत सरकवला. पाय मावले, पोट मावलं. पण मागची काच वरून तिरकी खाली आलेली, त्यामुळे दार लावायचं तर त्याला मान खाली घालून बसावं लागणार होतं. सेल्समन म्हणाला, "मागची सीट पाडली की भरपूर जागा होते." सासूबाई म्हणाल्या, "आनि मी कुठं बसू? टपावर?"

दुसऱ्या गाडीची डिकी बटण दाबलं की आपोआप बंद होत होती. तिने थोरल्याचा पुठ्ठ्याचा कान दुमडून टाकला. सेल्समन म्हणाला, "खरं जनावर असेल तर सेन्सर थांबवतो." सासूबाईंनी त्याला विचारलं, "तू ठेव बरं तुजं डोकं?" त्याने विषय बदलला. तिसऱ्या गाडीची डिकी बाहेरून चौकोनी, अगदी मनासारखी. उघडली तर आत गॅसचा सिलिंडर आडवा पडलेला, आणि उरलेल्या जागेत फार तर धाकटीचं शेपूट बसलं असतं. चौथीत दोन्ही पुठ्ठे मावले. उभा, आडवा, वर धाकटीसाठी जागा. नवऱ्याचा चेहरा उजळला, कारण चौथीसुद्धा उंच होती आणि काळी होती.

"खऱ्या कुत्र्यांना घेऊन बघा ना," सेल्समन म्हणाला. "मी गाडी घरीच घेऊन येतो, टेस्ट ड्राइव्हला." त्याला काय माहीत.

तो बुधवारी आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोच टाय. गल्लीतली चार डोकी गॅलरीत आली. डिकी उघडल्याबरोबर धाकटी एका उडीत आत, दुसऱ्या उडीत मागच्या सीटवर आणि तिसऱ्या उडीत ड्रायव्हरच्या जागी. तिचे पाय स्टिअरिंगवर पडले आणि हॉर्न वाजायला लागला. तो तिला आवडला. नवरा तिला बाहेर ओढत होता, ती येत नव्हती, तोवर थोरला डिकीपाशी आला. त्याने पुढचे दोन पाय वर ठेवले आणि थांबला. मान वळवून आमच्याकडे पाहिलं. डिकी त्याच्यासाठी उंच होती. खुबा दुखत असल्याने मागच्या पायांनी उडी मारणं त्याला जमत नव्हतं. उरलेलं आम्ही करावं अशी त्याची अपेक्षा होती.

सेल्समन बिचारा पुढे झाला. त्याने थोरल्याच्या पोटाखाली हात घालून जोर लावला. थोरल्याने कृतज्ञतेने मागे वळून त्याचा टाय चाटला. नुसता चाटला असं नाही, टायच्या गाठीपासून टोकापर्यंत लाळेचा एक पट्टा उतरला. शेवटी नवरा, मी आणि सेल्समन अशा तिघांनी मिळून त्याला वर ढकललं.

"आता आजी, तुम्ही," सेल्समन धापा टाकत म्हणाला.

सासूबाई पुढच्या दाराशी गेल्या. वरची मूठ धरली, एक पाय फूटरेस्टवर ठेवला आणि थांबल्या. मग मान वळवून आमच्याकडे पाहिलं.

मला हसू आलं तसं मी ते गिळलं. नवरा आकाशाकडे बघायला लागला. पण त्या पोराने मनापासून, मदत करायच्या हेतूने सांगितलं, "मॅडम, आजींना आणि कुत्र्याला सेम प्रॉब्लेम आहे. हाइट कमी पाहिजे."

गॅलरीतली चारही डोकी खाली वाकली. धाकटीनेसुद्धा हॉर्न सोडला. सासूबाईंनी पाय खाली घेतला, पदर खोचला आणि सेल्समनला नखशिखांत न्याहाळलं. मला वाटलं, आता याचं काही खरं नाही. मग त्यांचं पोट हलायला लागलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना गाडीचाच आधार घ्यावा लागला. डोळे पुसत म्हणाल्या, "खरं बोलला रं पोरगा. घरात कुनाची हिंमत न्हाय झाली. चल, चा घे. आनि आमचं दोगांचं जमंल अशी गारी दाव."

चहा पिता पिता तो म्हणाला, अशी एक गाडी आहे, पण ती आमच्यासारख्यांना दाखवायला त्याला संकोच वाटतो. "व्हॅन आहे. शाळेची पोरं नेतात, पाववाले, दूधवाले घेतात. शोरूममध्ये आम्ही ती मागे उभी करतो."

आम्ही शोरूमच्या मागे जाऊन पाहिली. पांढरी, चौकोनी, रूपाच्या नावाने बोंब. छप्पर उंच, मागची काच सरळ, फरशी सपाट. दार सरकवलं की समोर सीट. सासूबाई मूठ धरून एका दमात आत जाऊन बसल्या आणि दार स्वतःच सरकवून लावलं. मग उघडलं, परत लावलं. पुठ्ठ्याचे दोन्ही थोरले मागे ठेवले तरी जागा उरत होती. नवऱ्याने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि हळूच विचारलं, "काळी मिळते का?" मिळत नव्हती.

गाडी आली त्या दिवशी दीर बघायला आले. नारळ फुटताच म्हणाले, "वहिनी, पाव कधीपासून टाकताय?" नवरा कानकोंडा झाला. सासूबाईंनी त्यांना बसायला सांगितलं, स्वतःही चढल्या, नवऱ्याला गल्लीतून एक चक्कर मारायला लावली आणि विचारलं, "तुज्या गारीत माजं गुडघं बोलत होतं. हितं ऐकू आलं का?" दीर हसले, आणि पुढच्या आठवड्यात घरचा फ्रिज हलवायला हीच व्हॅन मागून घेऊन गेले.

मागची डिकी थोरल्याला तरीही थोडी उंचच होती, म्हणून सुताराकडून एक बुटकं, रुंद स्टूल करून घेतलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि आपल्यासाठी वेगळं करायला लावलं. "त्याचं त्याला, माजं मना." दोन्ही सारखीच दिसतात. कोणतं कोणाचं हे आता फक्त थोरल्याला वासावरून कळतं, आणि तो सांगत नाही.

पहिला लांबचा प्रवास सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी झाला. गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत पाय बुडवून बसलं की त्यांना बरं वाटतं. एरवी एसटीने जायच्या. या वेळी कुत्र्यांना मागे घालून सगळेच निघालो. सासूबाई नवऱ्याशेजारी पुढे, मी मधल्या सीटवर एकटी, आणि मला पाय लांब करता येत होते.

अंबाडी नाक्यावर नवऱ्याने पाणी घ्यायला गाडी बाजूला घेतली. तो उतरला तोच बाजूचं दार सर्रकन सरकलं. डोक्यावर काकड्यांची पाटी घेतलेल्या एक आजीबाई आत चढल्या, पाटी मांडीवर घेतली आणि मला म्हणाल्या, "सरक गो बाय."

मी सरकले. तशी आणखी एक बाई चढली. तिने विचारलं, "वज्रेश्वरीलाच जाते ना?" मी म्हटलं, "पुढे गणेशपुरीला." "मग बरं," असं म्हणून तिने दार लावलं. तेव्हा कुठे मला उमगलं, की त्या रस्त्यावर अशाच पांढऱ्या व्हॅन शेअरने माणसं नेतात.

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून थोरल्याने मान पुढे काढली आणि आजीबाईंच्या खांद्यावर हनुवटी ठेवली. दुसरी बाई किंचाळून पुन्हा रस्त्यावर उतरली. आजीबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते भलंमोठं तोंड पाहिलं आणि विचारलं, "ह्यो बी वज्रेश्वरीला?"

"गणेशपुरीला," पुढून सासूबाई म्हणाल्या. "खुबा दुखतो त्याचा."

"माजा बी," आजीबाई म्हणाल्या.

नवरा पाण्याच्या बाटल्या घेऊन परत आला, तेव्हा बाहेर एक घाबरलेली बाई, आत एक अनोळखी आजीबाई, आणि सासूबाई मान मागे वळवून खुब्यावर कोणतं तेल चोळावं ते विचारत होत्या. आम्ही त्या बाईची माफी मागितली, आजीबाईंना वज्रेश्वरीला सोडलं. उतरताना त्यांनी चार काकड्या सीटवर ठेवल्या. एक धाकटीने आजीबाई खाली उतरायच्या आत संपवली.

गणेशपुरीला कुत्र्यांना कुंडाजवळ नेता येण्यासारखं नव्हतं. आम्ही व्हॅन झाडाखाली लावली आणि पाळीपाळीने थांबलो. सासूबाई बराच वेळ पाय बुडवून बसल्या. परत आल्या त्या हातात वाफाळता ओला टॉवेल घेऊन. व्हॅनच्या मागे गेल्या, आपलंच स्टूल ओढून त्यावर बसल्या आणि टॉवेल पिळून थोरल्याच्या खुब्यावर घातला. मी काही म्हणायच्या आत मला म्हणाल्या, "टावेल जुनाच हाय."

थोरल्याने डोळे मिटले. टॉवेल गार होईपर्यंत तो अगदी शहाण्यासारखा पडून राहिला. गार झाल्यावर त्याने आणि धाकटीने दोन टोकं धरून तो फाडला, आणि भिवंडी येईपर्यंत मागे चिंध्या उडत होत्या.