मायची थप्पी

माय गेल्याचा फोन गंगाखेडला शेजारच्या दुकानात आला. माहेरी पेडगावला पोचले तर अंगणात माणसं बसलेली, आणि त्यांच्या पाठीमागं तिनं रचलेली लाकडांची थप्पी... पुरुषभर उंच, भिंतीसारखी सरळ. खरं सांगते, रडू फुटायच्या आधी मनात आलं, उजवा कोपरा जरा कललाय, मायनं पाहिला तर कुणाची खैर नाही! आता महिना उलटून गेलाय, म्हणून कबूल करते.

मायला सरपणाचं वेड होतं. निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं, मी तेरा-चौदा वर्षांची. बांधावरची बाभळ तुटली की ती पदर खोचून उभी राही. खाली दगड, म्हणजे वाळवी लागत नाही. कोपऱ्याला एक थर आडवा, एक उभा. फोडलेल्या लाकडाची सालीची बाजू वर, म्हणजे पाणी निथळून जातं. वरून तुराट्यांचं, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचं, जाड छप्पर. आणि प्रत्येक लाकूड रचायच्या आधी दुसऱ्यावर आपटून बघायचं. वाळलेलं खणखण वाजतं, ओलं भद्द करतं. एकदा कंटाळून मी न वाजवताच चार लाकडं दडपली, तर बाईनं अख्खी ओळ उतरवली आणि मलाच पुन्हा रचायला लावली. गावाला हा थट्टेचा विषय होता. आम्ही लिंगायत, आमच्यात मेलेल्या माणसाला पुरतात. म्हणून समोरच्या घरचा दत्तोबा तिला चिडवायचा, "काशीकाकू, तुमच्यात जाळीत बी न्हाईत, मग येवढं सरपन कोनासाठी?"

"जित्या मानसाला भाकर लागती का न्हाई, मेल्या?" माय म्हणायची.

त्या वर्षी मात्र ती थप्पी माझ्या लग्नाची होती. गंगाखेडची सोयरीक जुळली होती, लग्न माघात. दोन वर्षं साठवलेल्या त्या लाकडाला मायनं हळदकुंकू लावलं होतं. एकदा हळदकुंकू लागलं की लग्नाची चूल पेटेपर्यंत त्यातली काडीसुद्धा दुसऱ्या कामाला वापरायची नाही, अशी आमच्याकडची रीत.

आणि श्रावणात झड लागली. आठ दिवस ऊन नाही. गावातली घरं गळत होती, चुली नुसत्या धुपत होत्या. त्यातच दत्तोबाचे वडील गेले. रिवाजाप्रमाणे घरोघरी सरणाचं लाकूड मागितलं, पण सगळं ओलं! दत्तोबा आमच्या दारात येऊन उभा राहिला. मागणार तरी कसा? ते लग्नाचं लाकूड आहे, हे त्यालाही ठाऊक होतं.

"सरनाला?" माझे वडील, बापू, मायला आत घेऊन म्हणाले. "सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर सोयरीक मोडंल. पोरीचा तरी इचार कर."

मी दाराआड उभी. माय म्हणाली, "म्हातारा तिकडं ताटकळायलाय अन् मी कोरडं लाकूड झाकून बसू? सोयऱ्यांना मीच सांगते." तिनं स्वतः तुराट्या बाजूला सारल्या. थप्पी निम्मी झाली. झडीतसुद्धा ते सरण धडधडून पेटलं, असं माणसं कित्येक वर्षं सांगत होती.

आठवड्यानं झड उघडली, तशी माय बैलगाडीनं गंगाखेडला गेली आणि काही न लपवता बोलली. माझ्या होणाऱ्या सासूनं सगळं ऐकून घेतलं. "जिच्या मायकडं झडीत कोरडं लाकूड असतंय," ती म्हणाली, "तिची लेक आमची चूल इझू देत न्हाई. लगीन ठरल्या दिवशी!" हे मला मायनं सांगितलं तेव्हा मी घरभर नाचले.

दिवाळीनंतर गावच्या बायका डोक्यावर एकेक मोळी घेऊन आल्या. थप्पी पहिल्यापेक्षा हातभर उंच झाली. दत्तोबानं तर बैलगाडी भरून बाभळ आणली. मायनं एकेक लाकूड वाजवून बघितलं आणि अर्धी गाडी परत पाठवली! "ओलं हाय. माझ्या लेकीच्या लग्नात धूर नगं." बिचाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. अशी होती माझी माय. कुणाच्या उपकाराला भुलून ओलं लाकूड रचणारी नव्हती ती.

त्या दिवशी तिला शेतात समाधी दिली. एक काडीही लागली नाही. माती देऊन परतलो तर फाटकाशी बैलगाडी उभी, आणि काठी टेकत दत्तोबा. तो आता पार म्हातारा झालाय. गाडीत बाभळीची फोडलेली लाकडं. माझा भाऊ त्याला हळूच म्हणाला, "दत्तोबाकाका, आमच्यात सरन लागत न्हाई, ठावं हाय ना तुमाला?"

"सरनाला न्हाई रे," दत्तोबा म्हणाला. "काकूनं अर्धी गाडी परत धाडली होती... ती आनलीय. ह्या बारीला चांगलं दोन उन्हाळे वाळवलंय. वाजवून बघा."

मी दोन लाकडं उचलली आणि एकमेकांवर आपटली. खणखणीत वाजली. मग मी पदर खोचला, उजव्या कोपऱ्याचा कललेला थर उतरवला आणि दत्तोबाची लाकडं सालीची बाजू वर करून रचली.