दाब, काय मोडूचा नाय

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी त्या मॅडमचा विषय काढला की मी चहा मागवायचो, नाहीतर यंदाच्या आंब्याबद्दल विचारायचो. आता सत्तरी उलटली. चहाही बंद झाला. म्हणून लिहितो.

त्या आठवतात त्या एखाद्या विद्यार्थ्याच्या खुर्चीमागे उभ्या, दोन्ही हात पाठीशी घट्ट धरून. मुलगा कितीही अडला तरी माऊसला स्वतः हात लावायच्या नाहीत. नुसतं म्हणायच्या, "दाब रे, काय मोडूचा नाय."

मी मालवणजवळच्या एका कॉलेजात प्रभारी प्राचार्य होतो. दोन हजार सालच्या आसपास आमच्याकडे संगणक आले. शिपायाने त्यांना हळदकुंकू वाहिलं. मी कापडी झाकणं शिवून घेतली आणि खोलीची किल्ली खिशात ठेवली. चपला बाहेर, बोलणं हळू. देवळात निदान घंटा तरी वाजवता येते. ते शिकवायला मॅडम ओरोसहून एसटीने यायच्या, तासांवर पगार. आल्या त्याच आठवड्यात त्यांनी सगळी झाकणं काढून कपाटात टाकली.

मुलं बी.कॉम.ची, पण यंत्राला भिणारी. एकाने माऊस दोन बोटांत लांब धरलेला पाहून त्या म्हणाल्या, "कुर्ली धरल्यासारखो कित्याक धरतंस रे? चावूचो नाय तो!"

एक मुलगी दाराशीच उभी राहायची. तिची आई मासळी विकायची आणि सकाळी मासळीची पाटी उचलायला हात लावूनच ती कॉलेजला यायची. मॅडमनी आत बोलावलं तर म्हणाली, "माझ्या हातांका वास येता, मॅडम."

"मशिनीक नाक खंय आसा गो? बस."

त्याच मुलीला त्यांनी आईच्या विक्रीचे रोजचे भाव घेऊन तक्ता करायला लावला. बांगडा कुठल्या दिवशी महागतो हे पडद्यावर रेघेने चढताना दिसलं, तेव्हा सगळा वर्ग तिच्या खुर्चीमागे जमला होता. तुम्हीही कधी ना कधी एखाद्या मुलाची पाठ अशी अचानक ताठ होताना पाहिली असेल. मी दारातून पाहिली.

आता माझं सांगतो. खोली बंद करताना दाराजवळचा मेन स्विच मी रोज खाली ओढायचो. खारी हवा, कुठे ठिणगी पडली तर, अशी भीती. मॅडमनी दोनदा समजावलं होतं, "सर, आधी मशीन बंद करायची, मग स्विच. नाहीतर आतलं काम खराब होतं." मी "बरं" म्हणालो आणि तसंच करत राहिलो. माझ्या मुलीच्या वयाची बाई मला बटण शिकवते, हे मनाला लागत होतं.

एका संध्याकाळी मॅडम मुलींना एसटीच्या थांब्यावर सोडायला गेल्या होत्या. शेवटच्या वर्षाचे सगळे प्रकल्प त्यांनी एका मशीनमध्ये उतरवायला लावले होते. काम अजून चालू असल्याची निळी पट्टी पडद्यावर हळूहळू पुढे सरकत होती. मी ती पाहिली. पाहिली, आणि स्विच ओढला.

सकाळी ते मशीन उठलं नाही. प्रकल्प गेले. विद्यापीठाची समिती येणार होती, म्हणून संस्थेची बैठक बसली. अध्यक्षांनी विचारलं, "मोडलं कोणी?"

मी म्हणालो, "मुलांना मोकळं सोडलं की असंच होतं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. स्विच कोण ओढतो, हे त्यांना माहीत होतं. त्या उठून मुलांकडे गेल्या. मुलांनी सगळे प्रकल्प पुन्हा टाइप केले आणि त्या मागे उभ्या राहिल्या, हात पाठीशी. जूनमध्ये त्यांना तास मिळाले नाहीत. निघताना माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, "खोली उघडी ठेवाल ना, सर?"

ठेवली. मी निवृत्त होईपर्यंत ती खोली उघडी होती आणि झाकणं कपाटातच राहिली.

मॅडमनी पुढे पिंगुळीच्या रस्त्यावर स्वतःचा क्लास काढला. आमची मुलं तिथेही जायची. कुणी बँकेत लागलं, कुणी पणजीत हिशेब सांभाळू लागलं. मॅडम नवऱ्याच्या बदलीच्या गावी गेल्यावर क्लास त्या मासेवालीच्या मुलीने हाती घेतला, आज तीच चालवते. परवा मी खिडकीतून पाहिलं, एका घाबरलेल्या पोराच्या मागे ती हात पाठीशी धरून उभी होती.

मॅडम त्या बदलीच्या गावी जाण्याआधी काही महिने मीही तिथे शिकायला जात होतो. मुलाला ई-मेल करायचाय, असं सांगून. एका दुपारी त्यांनी मला कोरं पान उघडून दिलं. "काहीही लिहा, सर."

एका बोटाने मी अक्षरं शोधत गेलो. त्या संध्याकाळचं लिहिलं, निळ्या पट्टीचं लिहिलं, शेवटी 'मला क्षमा करा' लिहिलं. त्यांना हाक मारायला मान वळवली, तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली. पडदा काळा.

"सेव्ह केलं होतं का, सर?"

"नाही."

"असू दे. परत लिहा, काय मोडूचा नाय," त्या हसून म्हणाल्या आणि खिडकी उघडली.

बोलायला काही वीज लागत नाही. तरी मी दिवे यायची वाट बघत बसलो. मग शेवटची एसटी आली आणि मी उठलो.