वरचा सांभार

लॉकडाऊनमध्ये मी पहिलं पत्रक लिहिलं ते आमच्या मॅडमविरुद्ध. 'प्रात्यक्षिक रद्द करा! सरसकट गुण द्या!'

बीबीएच्या शेवटच्या वर्षाची पोरं दरवर्षी कॉलेजच्या मैदानात आठवडाभर दुकानं मांडायची. आता मैदानाला कुलूप. कॉलेजजवळची, राजापेठेतली भाड्याची खोली सोडून मी गावी, तिवस्याला घरी आलेली. तरी मॅडमचा हुकूम सुटला: जिथे आहात तिथे धंदा करा. दहा घरं, आणि तीच दहा घरं सलग तीन आठवडे. टिकली तर पास, नाही तर वर्ष गेलं.

एका काडीच्या नेटवर्कसाठी गच्चीवर चढणाऱ्या पोरांनी धंदा करायचा? खाली 'आधी नेटवर्क द्या!' जोडून संतापून मी पत्रक सगळ्या ग्रुपवर टाकलं. मॅडमचं उत्तर आलं, "भाषा जोरदार आहे. जाहिरात अशीच लिही."

आमचा भाजीचा मळा. आई आठवडी बाजारात बसायची. बाजार बंद, म्हणून तिचीच दहा गिऱ्हाइकं मी धरली. यादी मोबाइलवर यायची, दर रविवारी लोक फाटकाला पिशवी अडकवायचे, मी भाजी टाकून निघायची. सगळं काट्यावर, ग्रॅमला ग्रॅम. कुणाला फसवणार नाही म्हणजे नाही!

दुसऱ्या रविवारी फाटकांवर चारच पिशव्या.

व्हिडिओवर तोंडी परीक्षा झाली. "गिऱ्हाईक का तुटलं?" मॅडमनी विचारलं. मी महामारी, क्रयशक्ती, सरकारचं धोरण असं दणकून सुरू केलं. मागे आई गवार निवडत होती.

"सरकारले कावून शिव्या देऊन राहिली वं? तूनं सांभार टाकला काय कोनाच्या पिशवीत?"

सांभार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे भाजी घेतली की वरून मूठभर सांभार अन् चार मिरच्या फुकट पडतातच. मी यादीत सांभार वेगळा लिहिला होता, वेगळ्या भावाने.

"आई, धंद्यात फुकट काही नसतं."

"मंग मी पंधरा वर्सं काय करून राहिली होती? भजन? लोक मनत असतीन, पोरगी शिकली अन् मायचा हात आखडला."

मी घाईने फोन वळवायला गेले. "राहू दे," मॅडम म्हणाल्या, "मला त्यांच्याशीच बोलायचंय." मग अर्धा तास त्या आईला विचारत होत्या आणि वहीत लिहून घेत होत्या. माझी परीक्षा बाजूलाच राहिली. शेवटी मला म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून तीन आठवडे मोज. पण घरं दहाच."

त्या आठवड्यात तुटलेल्या सहाही फाटकांना मी सांभाराची एकेक जुडी बांधून आले. सोबत चिठ्ठी: 'चूक माझी, आईची नाही.' रविवारी नऊ पिशव्या लागल्या. दहाव्या घरची काकू खिडकीत उभी होती, मास्कवरून नुसते डोळे.

"काकू, पिशवी?"

"आधी सांभार दाखव."

दाखवला.

"अन् मिरच्या?"

त्याही दाखवल्या. मग खिडकीतून पिशवी आली, नेमकी माझ्या डोक्यावर.

पुढचे दोन्ही रविवार ती पिशवी मुकाट्याने फाटकाला लटकलेली होती. मी पास झाले. 'प्रात्यक्षिक रद्द करा' मागे घेतलं. नेटवर्कची मागणी मात्र सोडली नाही. तिचं नवं पत्रक मॅडमनीच तपासून दिलं.