भजी, सासरे आणि पास्ट परफेक्ट कंटिन्युअस

पास्ट परफेक्ट कंटिन्युअस हा काळ भज्यांशिवाय शिकवता येत नाही, असं माझं ठाम मत होतं.

लातुरात घराच्या समोरच्या खोलीत मी इंग्रजीचा क्लास काढला होता. पहिली बॅच दिवाळीच्या सुट्टीला म्हणून गेली आणि गल्लीतल्याच दुसऱ्या क्लासला दिसायला लागली. तेव्हा सुनंदानं (म्हणजे बायकोनं) निकाल दिला, "रविवारी पालकांपुढं घ्यायच्या त्या डेमोला अ‍ॅडमिशन झाल्या तर ठीक. न्हाईतर गुमान औशाला जाऊन दादांच्या खताच्या दुकानात बसा."

दादा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या नजरेखाली युरियाची पोती मोजत बसायचं! माझी झोपच उडाली.

म्हणून डेमो जंगी करायचं ठरवलं. या काळाची भानगड एवढीच, की एक गोष्ट घडली तेव्हा दुसरी गोष्ट आधीपासून बराच वेळ चालूच होती, हे एका दमात सांगायचं. पोरं पाठ करतात, डोक्यात काही शिरत नाही. मी ते जिवंत दाखवणार होतो. फळ्यावर वाक्य लिहिलं, 'व्हेन द गेस्ट अराइव्ह्ड, माय वाइफ हॅड बीन फ्राइंग भजी फॉर अ‍ॅन अवर.' सुनंदा आधीपासून आत तळत बसणार, मी मिसकॉल देणार आणि गेस्ट दारातून आत येणार. गेस्ट म्हणून सासऱ्यांनाच कोपऱ्यावरच्या पानटपरीवर उभं केलं. (फुकट दुसरं कोण येणार?)

पालकांनी खोली भरली. तास होत आला तसा मी मिसकॉल दिला. फोन बिझी. पुन्हा दिला, पुन्हा बिझी. सासरे कुणाशी तरी सोयाबीनच्या भावावर बोलत होते. इकडं भज्यांचा वास खोलीत शिरला आणि पालकांच्या माना फळ्यावरून स्वयंपाकघराकडं वळल्या.

"सर," पुढच्या रांगेतले निलंग्याचे मिशीवाले काका म्हणाले, "ते उदाहरण जरा इकडं बी येऊ द्या की."

नाही कसं म्हणणार? एक परात आली, संपली. दुसरी आली.

"ह्यो काळ लई भारी हाय," मागून कुणीतरी तोंडात भजं धरून म्हणालं.

तेवढ्यात आतून सुनंदा, "अहो, पीठ संपलं. अजून किती तळू?"

"पाहुणे येईपर्यंत."

"मग आता काय हात तळू?"

आणि मिसकॉलशिवायच सासरे आले. अख्खी खोली उठून उभी राहिली. राम राम झाले. मी घाईघाईनं मार्कर उचलला, "तर बघा, आता गेस्ट आले..."

"थांबा हो सर," मिशीवाले काका म्हणाले. "पाव्हणे कुठले?"

"औशाचे," सासरे म्हणाले.

"औशात कुणाचे?"

झालं! आमच्याकडं हा प्रश्न निघाला की नातं सापडेपर्यंत कुणी हलत नाही. काकांच्या चुलतबहिणीचे दीर सासऱ्यांचे साडू निघाले. मग काकांचा इंजिनिअर पुतण्या निघाला, लग्नाचा. सासऱ्यांची नांदेडची भाची निघाली, तीही लग्नाची. सासरे माझ्या खुर्चीत बसले.

"मामा, मी शिकवतोय ना," मी रडकुंडीला येऊन म्हणालो.

"शिकवा की जावईबापू, आम्ही काय कान बंद केलेत? पण आधी तो फळा पुसा. सोयरिकीचा पदर जुळतो का, मांडून बघू."

माझं वाक्य मी माझ्याच हातानं पुसलं.

पदर जुळला. पालक खूश होऊन गेले, अ‍ॅडमिशन एकही नाही. पुढच्या रविवारी मात्र तेच पालक चार नातेवाईक घेऊन दारात! मी धावत जाऊन खुर्च्या मांडल्या.

"इंग्रजीसाठी ना?"

"न्हाई हो. मामा हायत का? आमच्या पोरीचं बी बघायचं होतं."

तेव्हापासून सासऱ्यांनी माझ्या खोलीत जे बस्तान मांडलं, ते उठायचं नाव नाही. सुनंदा कौतुकानं चहा करते. अन् खताच्या दुकानात कुणीतरी बसायला पाहिजेच की.

परवा एक गिऱ्हाईक आलं. "मालक कुठं गेले?"

"लातूरला, माझ्या क्लासवर," मी पोतं उचलत म्हणालो. "सध्या लई गर्दी असते."