इच्चूची खूण

सहा आठवडे झाले. मंगरूळपीरच्या बसस्टँडवर वाशीमच्या गाडीत कशीबशी जागा धरून बसले होते, तेवढ्यात इंझोरीहून धाकट्या भावाचा, सुधाकरचा, फोन आला. तासाभरातला दुसरा. "ताई, निमा गेली," एवढंच म्हणाला. गाडी सुरू झाली होती. मी कंडक्टरला थांबवायला सांगितलं आणि उतरले...

निमा माझ्या पाठची बहीण, जन्मापासून बहिरी, म्हणून मुकीही. शाळा तिच्या वाट्याला आली नाही. तिला जी भाषा मिळाली ती आम्ही दोघींनी अंगणात, गोठ्यात, कापूस वेचता वेचता तयार केली. कपाळावर बोट टेकवलं की आई, मिशीला पीळ दिला की बाबा, वेणी ओढली की मी. ती सात वर्षांची असताना कुटाराच्या, गुरांच्या भुशाच्या, ढिगात तिला विंचू चावला. दिवसभर तळमळली. तेव्हापासून तर्जनी नांगीसारखी वाकवली की इच्चू, हे घरात सगळ्यांना कळलं. पण पुढं दाढ दुखली, पोट दुखलं, तरी तेच वाकडं बोट ती दुखऱ्या जागेवर ठेवायची. दुखण्याला तिच्याकडे दुसरा शब्दच नव्हता. हे आईला माहीत होतं आणि मला. आई गेली, मी लग्न होऊन वाशीमकडच्या मालेगावला आले. कुणाला तरी हे सांगून ठेवावं, असं मला कधी सुचलं नाही. मला कळतं ते सगळ्यांनाच कळत असेल, असं धरून चालले.

सुधाकरच्या बायकोनं, रेखानं, तिला जीव लावला. जेव, ये, झोप एवढ्या खुणा शिकून घेतल्या. त्यापलीकडचं सारं निमा माझ्यासाठी साठवून ठेवायची. मी माहेरी गेले की दोन-दोन तास तिचे हात थांबत नसत. गेल्या पोळ्याला मी निघाले, तेव्हा तिनं माझी वेणी ओढली आणि मग स्वतःचा रिकामा तळहात पुढं धरला, म्हणजे तू नसलीस की काहीच नाही. मी हसून पिशवी उचलली.

त्या दुपारचा पहिला फोन आला तेव्हा मी सरकारी ऑफिसातून कागद घेऊन नुकतीच स्टँडवर आले होते. सुधाकर घाबरा झाला होता. "ताई, निमा इच्चू इच्चू करून राह्यली. गाद्या झटकल्या, कपडे झटकले, इच्चू कोठीच नाही."

"चावल्याची खूण आहे का?"

"नाही न. घाम लय आला तिले."

"भ्यायली असेल. चुलीमागं पाहा, लाकडं हलवून पाहा," मी म्हणाले. बोट कुठं ठेवते, हे मात्र विचारलं नाही. गाडी लागत होती, लोक दाराकडे धावत होते; ती गाडी मला मिळालीही नाही, पुढच्या गाडीची वाट पाहत थांबले. तासभर त्यांनी घर उपसलं. तोवर ती भिंतीला टेकून बसली होती, म्हणे, आणि सगळ्यांकडे पाहत होती.

तेरवीला रेखानं मला बाजूला घेतलं. वाकडं बोट तिनं आधी छातीवर ठेवलं, मग डाव्या दंडावर, मग जबड्यावर. "असं करे ते, ताई. मी तिची पाठ पाह्यली, पाय पाह्यले. काय म्हणत होती ते?"

"इच्चूच," मी म्हणाले.

तिच्या डोळ्यांत पाहून खरं बोलवलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे. रेखा, तुला जेवढी खूण ठाऊक होती तेवढी तू बरोबर वाचलीस. उरलेली माझ्याकडे होती, आणि तुम्ही मला विचारलंही होतं.

परवा इंझोरीला गेले होते. निमाला हाक ऐकू येत नसे, म्हणून स्वयंपाकघरात शिरताना दाराजवळचं बटण दोनदा दाबायची घरात रीत होती. दिवा लुकलुकला की ती मागं वळायची. भर दुपारी रेखा पाण्याची कळशी घेऊन दाराशी आली. हात आपसूक बटणावर गेला. दिवा लागला, विझला... कळशी कमरेवर घेऊन ती तिथंच उभी राहिली.