गप बसलेल्या सोमीचं बीपी

नाही वो, नातू नाही तो माहा. फोटोत मांडीवर घेतला म्हनून लगेच नातू... माही पोरगी अजून यवतमाळले होस्टेलात शिकून राह्यली. दोघीजनीनं तर इनबॉक्समधी विचारलं का बाई, मालकाले जाऊन नऊ वर्षं झाली, दुसरं घर केलं का. केलं असतं तर तुम्हाले जेवाले नसतं बोलावलं का मी...

लेकरू सोमीचं हाये. आमच्या गावामागं जंगलाच्या कडेले कोलामाची वस्ती हाये, पोड म्हनतात तिले. सोमी तिथली.

झालं असं का मी शुगर दाखवाले दवाखान्यात गेलती. मुकुटबनवरून ऑटोनं अर्धा तास. कोनता दवाखाना ते नाही सांगत, तिथली सिस्टर हे वाचते.

माहं बीपी झालं, शुगरचं रक्त देलं, रिपोर्टची वाट पाहत बाकड्यावर बसली. समोर भिंतीले टेकून सोमी खाली बसली होती, आठवा महिना. बाया येत होत्या, स्टुलावर बसत होत्या, बीपी मोजून जात होत्या... ही तिथंच.

बाकीच्या काय कन्हत होत्या विचारू नका. एकीची नुसती कंबर धरली तर तिनं सारी ओपीडी डोक्यावर घेतली. सोमी मात्र गप. सिस्टरनं एकदा टेबलावरूनच विचारलं, काही त्रास आहे का गं... तिनं मान हलवली, नाही.

मी म्हनलं, "सिस्टर, हिले कवा घेता?"

सिस्टर पुण्याकडची. कागदातून मान वर न काढता म्हनली, "बसू द्या मावशी. या लोकांना सवय असते. तिला काही होत नाहीये."

मंग माहं लक्ष तिच्या पायाकडं गेलं. पाय कसले, भिजवून ठेवलेल्या कनकीवानी फुगले होते. बोट दाबलं तर खड्डा पडला, अन् तो भरूनच नाही आला. माही मोठी बहीन अशाच पायानं बाळंतपनात गेली. आमच्या घरी सारे म्हनत होते, होईल कमी...

मी तिच्याजवळ खाली बसली. म्हनलं, सोमे, डोकं दुखते का. हो. डोळ्यापुढं अंधारी येते? हो. "मंग सिस्टरले नाही काहून म्हनलं वो बाई?"

तिनं भिंतीकडं पाहत सांगितलं, "मागच्या बाळंतपनाले दवाखान्यात मी वरडली. तिथली बाई म्हने गप बस, तूच बाळंत होऊन राह्यली का जगात. मंग आता गप हाये."

 

तेवढ्यात रिपोर्टसाठी माहं नाव आलं. मी उठली, सोमीच्या काखेत हात घातला, अन् स्टुलावर तिले बसवलं.

"मावशी, केसपेपर तुमचा आहे."

"नाव माहं, पाय हिचे. पाय पाहा पहिले."

"मी नंबरानं घेते ना."

"घ्या ना नंबरानं. तोवर मी इथंच उभी राहतो. माह्या घरी वाट पाहाले कोनी नाही, विधवा बाईले एवढा एक तर फायदा असते. अन् उभ्या-उभ्या करमलं नाही तर मी गानं म्हनतो. माहा आवाज तुम्ही अजून ऐकला नाही."

मागच्या बाया हसल्या. सिस्टर नाही हसली, पन तिनं पट्टा बांधला. आकडा पाहिला. सोडला, दुसऱ्या हाताले बांधला. मंग अशी उठली का खुर्ची मागं पडली.

डॉक्टर आले, इंजेक्शन देलं, गाडी बोलावली, सोमीले यवतमाळले पाठवलं. डॉक्टर एवढंच म्हनले का अजून थोडी बसली असती तर झटके आले असते. लेकरू लवकर काढा लागलं, काचेच्या पेटीत ठेवलं... पन दोघंही घरी आले. फोटो त्याच दिवशीचा.

गाडी गेल्यावर सिस्टर माह्याजवळ येऊन बसली. डोळे लाल. "मावशी, मी विचारलं होतं हो. ती नाही म्हणाली."

मी म्हनलं, बाई, तुम्ही जेवढ्या लांबून विचारलं तेवढ्याच लांबून तिनं सांगितलं.

आता दर मंगळवारी गरोदर बायाईची तपासनी असते तवा पोडातल्या बायाईसंगं मी जातो. सिस्टर पहिले पाय पाहते, मंग जवळ बसून विचारते. कोलामीतले चार शब्द शिकली. चुकीचे बोलते, बाया पदरात तोंड खुपसून हसतात... अन् हसल्या का मंग सांगतातही.

ऑटोवाला म्हनते, मावशी सरकारी नोकरी लागली का तुम्हाले. म्हनलं हो, अन् बदली काही होत नाही माही. गुडघे दुखो का ऊन तापो, एक मंगळवार सोडनार नाही मी.

पन हे वाचून तुम्ही सारे कमेंटमधी मले शाबासकी द्याल, अन् मले काही ते पचनार नाही... म्हनून सांगून टाकतो.

त्या दिवशी सकाळी सिस्टरनं पहिली हाक सोमीलेच मारली होती. मीच मधी आडवी आली. परतीचा ऑटो चुकू नये म्हनून म्हनलं, मले घ्या आधी, पोडातल्या बाया दगडाच्या असतात. मंग तिचा कागद खालीच राह्यला.

सोमी माह्या बाजूलेच उभी होती. तिनं ऐकलं होतं.