चार पावलांचं भाडं

इब्राहिमचाचा होडेकर उघड्या दारावरही तीनदा टकटक करायचे. आमच्या ऑफिसचं दार सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत सताड उघडं असे आणि मी समोरच बसलेली दिसे. तरी ते पायरीवर थांबून दाराच्या फळीवर बोटाच्या पेराने तीन ठोके देत, अर्धं पाऊल मागे सरत आणि वाट बघत. "या चाचा" म्हटल्याशिवाय आत येत नसत. एकोणतीस वर्षं परदेशी प्रवासी जहाजांवर केबिन स्टुअर्ड म्हणून, प्रवाशांच्या खोल्या आवरण्यात काढली होती, ती अशी बोटांत उतरलेली. स्वतःच्या घरीही तेच. हलीमाचाची म्हणायच्या, "माझ्याच घरात मला पाहुणी करून ठेवलीय यांनी. मी समोर तांदूळ निवडत बसलेली दिसते, तरी दार वाजवणार. मग मी म्हणायचं, या."

आता दोघंही नाहीत. चाची आधी गेल्या आणि चाचा त्यानंतर दोन वर्षांनी. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही थोडं लिहावं लागेल, आणि ते काही अभिमानाने मिरवण्यासारखं नाही.

रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे माझ्या वडिलांचं तिकीट बुकिंगचं ऑफिस होतं. आखाती देशांत जाणाऱ्यांची तिकिटं, पासपोर्टचे फॉर्म आणि कोपऱ्यात एक काचेचा टेलिफोन बूथ. बी.कॉम. होऊन अठ्ठ्याण्णव साली मी तिथे बसायला लागले. चाचींच्या घरी फोन नव्हता. चाचा कुठल्यातरी बंदरावरून दर दुसऱ्या रविवारी अकरा वाजता आमच्याकडे फोन करत. खाडीकडच्या मोहल्ल्यातून चाची साडेदहालाच येऊन स्टुलावर बसत. फोन आला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: "सगळं खैरियत."

एका रविवारी त्या आल्या तेव्हा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. न्हाणीत पाय घसरला होता. त्यांनी डाव्या हाताने रिसीव्हर धरला आणि म्हणाल्या, "सगळं खैरियत. आंब्याला मोहर चांगला हाय." मी आ वासून बघत राहिले. त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "दर्यावरच्या माणसाला वाईट बातमी कळवायची नसते. तो तिथून काय करणार? हातातलं काम तेवढं चुकेल." आमच्या किनाऱ्यावर घराघरांत हाच रिवाज. बाप गेल्याचं सुट्टीवर आल्यावर कळलेली माणसं आमच्या ऑफिसात बसून चहा पीत. बूथमध्ये ऐकलेलं आपणही बाहेर बोलायचं नाही, हे मी तेव्हाच शिकले. नको इतकं चांगलं शिकले.

दहा महिन्यांनी चाचा दोन महिन्यांच्या सुट्टीवर येत आणि घराचं जहाज करून टाकत. पलंगाची चादर इतकी ताणून बसवत की चाचींना आत शिरायला ती दोन्ही हातांनी उपसावी लागे. उशीवर टॉवेलचा हंस, कधी हत्ती. चहा तेच करणार, मासे तेच आणणार, केर तेच काढणार. चाची उठायला लागल्या की हात आडवा करून म्हणत, "तू गेस्ट हायस, बस." मोहल्ल्यातल्या बायकांना चाचींचा हेवा वाटे. बायकोला बसवून ठेवण्यात त्यांचं सगळं प्रेम होतं. आणि बसलेल्या माणसाचे पाय कसे आहेत, हे कुणाला कळत नाही.

माणूस तसा मिश्कील. बड्या प्रवाशांचं त्यांना अजिबात अप्रूप नव्हतं. "गादी सगळीकडे तीच गो बाय," ते मला सांगत. "चादर तीच, साबण तोच. फक्त दारावरचं नाव बदलतं नि भाडं बदलतं. मी आतून बघितलंय." आतून बघितलंय, हा त्यांचा हुकमी एक्का. तो पडला की समोरच्याने पानं खाली ठेवायची.

दोन हजार सहा साली चाचा निवृत्त झाले. कंपनीने जुन्या माणसांना एक सवलत दिली होती: एकदा, फक्त एकदा, बायकोसह प्रवासी म्हणून कमी भाड्यात यायचं. त्या हिवाळ्यात त्यांचंच जुनं जहाज मुंबईहून गोवा, कोचीन करत मालदीवपर्यंत जाणार होतं. सात रात्री. चाचा छापील कागद घेऊन आमच्याकडे आले, तीन ठोके दिले आणि आत येऊन टेबलावर जहाजाचा नकाशाच पसरला.

केबिन दोन प्रकारच्या शिल्लक होत्या. साधी केबिन खालच्या मजल्यावर, अगदी मागच्या टोकाला, खिडकीशिवाय. दुसरी स्पा केबिन. ती सर्वांत वर, स्पाच्या दाराला लागून. गरम खाऱ्या पाण्याचा हौद, आतून तापवलेली दगडी बाकं, वाफेची खोली, सगळं भाड्यात धरलेलं. भाडं मात्र साधीच्या दुप्पट.

"त्या बाकांवरून मी किती वर्षं फडकं फिरवलं," चाचा म्हणाले. "हाताला ऊब लागायची. बसलो कधी नाय. हलीमाचे गुडघे दुखतात ना, तिला एकदा तिथं बसवायची हाय. बस, बाकी काय नको. मालदीव नाय बघितलं तरी चालंल."

म्हणजे जायचं होतं ते त्या बाकासाठी आणि त्या हौदासाठी. प्रश्न एवढाच, की केबिन कुठली? पंधरा दिवस ते रोज संध्याकाळी येत आणि रोज नव्याने तोच विचार करत. पैसे नव्हते असं नाही. पण तीस वर्षं ज्या चैनीकडे बघून मनातल्या मनात हसलो, तीच विकत घ्यायची म्हणजे स्वतःलाच खोटं पाडायचं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, त्यातला प्रकार. "हौदाचा पास वेगळा मिळतो," ते नकाशावर बोट फिरवत सांगत. "साधी केबिन घ्यायची, पास काढायचा, चालत जायचं. पाणी तेच, दगड तेच. वरचे लोक कसले पैसे भरतात, सांगू तुला? चार पावलांचं भाडं भरतात."

त्याच पंधरवड्यात चाची पासपोर्टच्या फॉर्मवर सही करायला एकट्या आल्या. चाचा बँकेत गेले होते. आमच्या ऑफिसला तीन पायऱ्या होत्या. मी आतून बघत होते. चाचींनी रिक्षावाल्याला जाऊ दिलं, आजूबाजूला पाहिलं, मग पहिल्या पायरीवर बसल्या आणि हातांवर भार देत, बसल्या बसल्या, पाठमोऱ्या वर सरकल्या. एक, दोन, तीन. वर आल्यावर चौकट धरून उभ्या राहिल्या तेव्हा कपाळावर घाम होता.

मी धावले. "चाची, चाचांना ठाऊक आहे का हे?"

"दुखतात एवढं ठाऊक हाय. इतकं नाय." पदराने तोंड पुसून त्या हसल्या. "ते घरात असले की दोन गोळ्या घेते नि बसून राहते. ते उठूच देत नाय, बरंच हाय की. तू नाय सांगायचं हां, माधवी. कळलं तर तिकीटच रद्द करतील. जन्मभर त्या बोटीचं ऐकवलंय मला. एकदा दाखवू दे त्यांना. गरम पाण्यात पाय टाकून बसले की व्हतील बरे."

मी कबूल केलं. बूथमधल्या प्लास्टरसारखंच हेही मी पोटात ठेवलं.

शेवटच्या दिवशी चाचा आले. कंपनीला कळवायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. "हलीमा म्हणते साधीच घ्या, मला काय पळायचं हाय," ते म्हणाले. "तिचं काय, ती माझ्या खिशाकडे बघून बोलणार. तू सांग, बाय. तू शिकलेली हायस, नकाशा बघितलायस. काय करू?"

नकाशा माझ्यासमोर होता. मागच्या टोकाची केबिन, तिथून मधल्या लिफ्टपर्यंतचा लांबच लांब बोळ, वर गेल्यावर पुन्हा पुढच्या टोकापर्यंतचा बोळ. तीन पायऱ्या बसून चढणारी बाई माझ्या डोळ्यांपुढे होती. गुपित न फोडताही "वरची घ्या" एवढे दोन शब्द मला म्हणता आले असते. कारण विचारलं असतं तर काहीही थाप मारता आली असती. पण त्यांनी 'आतून बघितलंय'चा एक्का आधीच टाकलेला होता, आणि मला वाटलं, ज्या माणसाने तो बोळ वर्षानुवर्षं तुडवला त्याला मी कोण सांगणार? खरं म्हणजे मला जबाबदारी नको होती. मी म्हणाले, "तुमच्यापेक्षा मला जास्त काय कळणार, चाचा?"

त्यांनी साध्या केबिनवर खूण केली. मी फॅक्स पाठवला.

पुढचं मला चाचांनी सांगितलं, तेही सलग नाही. महिन्यामहिन्याच्या अंतराने, एकेक तुकडा. पहिल्या संध्याकाळी ते चाचींना घेऊन हौदाकडे निघाले. बोळातून ते सवयीने पुढे गेले. त्या बोळाचं अंतर त्यांच्या लेखी नव्हतंच, दिवसातून चाळीस वेळा चादरी घेऊन धावलेला माणूस. लिफ्टपाशी वळून बघतात तर चाची मागे, भिंतीला लावलेला कठडा दोन्ही हातांनी धरून उभ्या. नवव्या दारापाशी कुणीतरी वापरलेल्या चादरींचा ढीग बाहेर टाकला होता, त्यावर त्या बसल्या. तेवढ्यात चाचांच्या जुन्या सोबत्यांपैकी एकजण समोरून आला आणि चाची उठून उभ्या राहिल्या, हसल्या, सलाम केला. तो गेल्यावर पुन्हा बसल्या, त्या आपणहून उठल्याच नाहीत; चाचांनी आधार देऊन केबिनमध्ये परत नेलं.

चाकाची खुर्ची मिळत होती. चाची म्हणाल्या, "तुमच्या लोकांपुढं नाय." हट्टी बाई. चाचा वरच्या केबिनसाठी जहाजावरच्या ऑफिसात गेले, हात जोडले. एकही रिकामी नव्हती.

"मी तिला विचारलं, इतकं व्हतं तर बोलली का नाय?" चाचा सांगत होते. "म्हणते, तुमी दर्यावर व्हतात ना. अगं, बाजूला बसलो व्हतो मी, एका पलंगावर. तरी मी दर्यावरच?"

सात रात्री दोघांनी त्या खिडकी नसलेल्या खोलीत काढल्या. चाचा बर्फाच्या बादलीत स्वयंपाकघरातलं कढत पाणी आणत, टॉवेल भिजवत, पिळून गुडघ्यांवर ठेवत. खोली आवरायला येणाऱ्याला दारातूनच परत पाठवत आणि स्वतः चादर बसवत. रोज एक टॉवेलचा प्राणी करत. मालदीव आलं आणि गेलं. हौदाचा पास खिशातच राहिला. परतताना त्यांनी तो बोळ एकट्याने मोजला, केबिनपासून हौदापर्यंत. एकशे नव्वद पावलं. "माझी एकशे नव्वद," ते म्हणाले. "तिची किती झाली असती, अल्लाला ठाऊक."

ती दोघं परत आल्यावर मी चाचींना भेटायला गेले होते. त्या पलंगावर होत्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "बोट झकास हाय. सगळं खैरियत."

त्यानंतर त्या नीट उठल्याच नाहीत. मुंबईला नेऊन दाखवलं, पण हृदय कमजोर निघालं आणि डॉक्टर गुडघ्यांना हात लावायला तयार होईनात. चाचांनी मग परसदारी न्हाणीच्या चुलीला लागून जांभ्याचं बाक बांधायला घेतलं. धूर आणि आच चिऱ्यांखालून फिरून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर जाईल असं. जहाजावरचं बाक कसं तापतं ते त्यांना फक्त वरून ठाऊक होतं, आतून नाही. पहिल्यांदा चिरे काळे झाले आणि तापले नाहीत. दुसऱ्यांदा एक चिरा तडकला. गवंडी हसायचे. तिसऱ्यांदा ते जमलं तोवर चाचींना कुशीवर वळवायलाही दोन माणसं लागत होती. पडून पडून छातीत कफ भरला आणि त्या गेल्या. बाकावर कधी बसल्या नाहीत.

चाचींचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी गेले. दार उघडंच होतं. मी तीन ठोके दिले आणि थांबले. "ये गो बाय," चाचा परसातून म्हणाले. त्यांनी चूल पेटवलेली होती. रोजच पेटवत, असं शेजारणीने नंतर सांगितलं. मला बाकावर बसवलं, स्वतः समोर पाटावर बसले. कितीही आग्रह केला तरी बाकावर बसेनात. ते दुबळे दिसत होते, दाढी वाढलेली, आणि ज्या माणसाच्या चादरीला कधी सुरकुती नव्हती त्याच्या सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली.

मग त्यांनी विचारलं, "तू पासपोर्टच्या वेळी तिला बघितलंवतंस ना? एकटीच आलीवती. पायऱ्या कशा चढली?"

मी त्यांच्याकडे बघितलं. खरं सांगायची ती शेवटची वेळ होती. सांगून चाची परत येणार नव्हत्या, पण त्या माणसाच्या पदरचं अर्धं ओझं तरी माझ्याकडे आलं असतं. ते माझंच होतं.

"चढल्या की," मी म्हणाले. "नेहमीसारख्याच. माझं काही लक्ष नव्हतं, चाचा."

त्यांनी मान हलवली. चुलीत एक लाकूड सारलं.

"तेच म्हटलं," ते म्हणाले. "तुला ठाऊक असतं तर तू सांगितलं असतंस."

खालचा चिरा हळूहळू तापत होता. थोड्या वेळाने तो बसवेना इतका तापला, तरी मी उठले नाही.